दिल्लीच्या थंडीत घरचे उष्णगृह

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीस आलेल्या कुटुंबाला येथील पहिला जानेवारी चकित करतो. पुण्या-नाशिकची थंडी शालीने भागते; येथे मात्र कित्येक दिवस दुपार झाली तरी धुके हटत नाही, फरशी दिवसभर गार राहते आणि उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या घरांत ऊब धरून ठेवण्याची सोय नसते. गेल्या दोन दशकांत गुडगाव (२०१६ पासून अधिकृतपणे गुरुग्राम) आणि नोएडा येथील मोठ्या वसाहतींच्या क्लब-हाऊसमध्ये ‘सौना’ अशी पाटी परिचयाची झाली आहे. ज्यांच्यापाशी जागा आणि पैसा आहे, ते आता तीच सोय घरात करू पाहतात. खर्च काही लाखांच्या घरात जाऊ शकतो, आणि चूक झाली तर ती गुळगुळीत फळ्यांमागे दडून राहते. एक-दोन पावसाळ्यांनंतर पलीकडच्या शयनगृहाच्या भिंतीवर ओल उमटते, तेव्हा ती उघडकीस येते.

कोरड्या उष्णतेने घाम काढण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदनाचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांतील ‘जेन्ताक’ म्हणजे तर सौनाचा आराखडाच होय. जलाशयाच्या काठी चांगल्या मातीची जागा निवडावी, तेथे मातीने लिंपलेली, अनेक झरोक्यांची गोल खोली उभारावी, भिंतीलगत बसण्या-निजण्यास हातभर रुंदीचा कट्टा करावा, मध्यभागी बारीक छिद्रांची मातीची भट्टी ठेवावी आणि खैरासारखे लाकूड जळून धूर पूर्ण निघून गेल्यावरच रुग्णाने आत जावे, असे तेथे सांगितले आहे. भोवळ आली तरी कट्ट्याचा आधार सोडू नये, त्याच्याच कडेने दारापर्यंत यावे. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला हात लावू नये, ही सूचनाही आहे. जागा, हवा, बैठक, इंधन आणि बाहेर पडण्याची वाट यांचा एवढा विचार आजच्या पुष्कळ अंदाजपत्रकांत आढळत नाही.

खुद्द दिल्लीतही याचा एक राजेशाही नमुना आहे. १६४८ मध्ये पूर्ण झालेल्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या उत्तरेस तीन दालनांचा हमाम आहे. त्याच्या पश्चिमेकडील उष्ण दालनाला भिंतीतून उष्णता पुरविली जाई. मोगल दरबारात खाजगी मसलतीच्या जागेलाच ‘गुसलखाना’, म्हणजे स्नानगृह, म्हणण्याचा प्रघात होता, यावरून या ऊबदार दालनांचे महत्त्व कळते. संगमरवर आणि त्यावरील जडावकाम डोळ्यांना दिसे. स्नान घडविणारी आग मात्र भिंतीआड असे. घरच्या सौनाचेही खरे काम नजरेआडच असते.

आरंभीच एक गोंधळ दूर करणे इष्ट. बाष्पस्नान म्हणजे ‘स्टीम’ आणि सौना या निरनिराळ्या गोष्टी आहेत. बाष्पस्नानाची खोली टाइल्सची असते, तापमान ४५ अंशांच्या आसपास आणि हवा वाफेने भरलेली. सौनाची खोली लाकडी, हवा कोरडी आणि तापमान ७० ते ९० अंश. तापलेल्या दगडांवर मधूनमधून ओंजळभर पाणी शिंपडायचे, एवढाच वाफेशी संबंध. एकाची मागणी नोंदवून दुसऱ्याची अपेक्षा करणारे ग्राहक कमी नाहीत. हा शब्द फिनलंडचा. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना असून, या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

दोघा-तिघांसाठी पाच फूट बाय सहा फुटांची, सात फूट उंचीची खोली पुरते. उंच छताचा मोह टाळावा, कारण उष्णता वर जाते आणि बसणाऱ्याचे पाय गारच राहतात. अशा खोलीचे घनफळ २१० घनफूट होते. साधारण ४५ ते ५० घनफुटांस एक किलोवॅट या हिशेबाने साडेचार किलोवॅट येतात, आणि दार काचेचे असेल तर सहा किलोवॅटची शेगडी घ्यावी लागते. सहा किलोवॅट म्हणजे दोन किलोवॅटचे तीन गीझर एकाच वेळी सुरू! एका फेजवर हा प्रवाह सुमारे २६ अँपियर होतो. गीझरच्या १६ अँपियरच्या जोडणीवर तो टाकणे म्हणजे आगीला निमंत्रण. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी यांत काटकसर नको. घराचा मंजूर वीजभार आधी तपासावा. दिल्लीत स्थिर आकार या भारावरच प्रति किलोवॅट आकारला जातो. सदनिका असेल तर सोसायटीची लेखी परवानगीही घ्यावी. वसाहतीच्या जनरेटरवर सौना चालविण्याची आशा मात्र न धरलेली बरी.

भिंतीचा क्रम असा : मूळ भिंत, खनिज लोकरीचा थर, त्यावर आतील बाजूस ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याचे सांधे चिकटपट्टीने बंद, मग पट्ट्यांवर थोडे अंतर सोडून लाकूड. हा पातळ पत्रा विसरला किंवा उलट बाजूस लागला तर ओलसर हवा भिंतीत शिरते. लोकरीऐवजी स्वस्त थर्मोकोल दडपणारा कारागीर भेटल्यास त्याला नम्रपणे निरोप द्यावा; ते या उष्णतेत मऊ पडते आणि सहज पेटते. म्हणूनच फळ्या ठोकण्यापूर्वी मालकाने स्वतः उभे राहून प्रत्येक थराची छायाचित्रे काढावीत, आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतरच्या चाचणीपर्यंत राखून ठेवावा.

लाकूड हलके आणि राळविरहित हवे : हेमलॉक, ॲस्पेन किंवा पाश्चात्त्य सीडर. आपल्याकडचे सागवान कितीही खानदानी असले तरी ते जड, म्हणून अंगाला चटका देणारे. चिडाची राळ उष्णतेने पाझरते. आणि प्लायवुडमधील गोंदाची वाफ छातीत जाते. आतून पॉलिश वा व्हार्निश अजिबात नको. खिळ्यांची डोकी फळीत खोल बसवावीत. शेगडीजवळ खाली हवा आत येण्याचे आणि समोरच्या भिंतीत बाहेर जाण्याचे छिद्र ठेवावे. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे, आणि त्याला कडी नसावी. हरिद्वारहून आणलेले नदीचे गोटे शेगडीवर रचण्याचा उत्साह धोक्याचा आहे; त्यांत मुरलेले पाणी तापून ते फुटू शकतात. दगड शेगडीच्या निर्मात्याने सांगितलेलेच वापरावेत.

दिल्लीच्या परिसरातील जड भूजल दगडांवर क्षारांचा थर चढविते, म्हणून शिंपडण्यास शुद्ध केलेले पाणी घ्यावे. दगड वर्षातून एकदा उतरवून, तुटके वेगळे काढून पुन्हा रचावेत. बाकांवर टॉवेल पसरूनच बसावे. डाग पडल्यास सौम्य साबण, नंतर हलका काचकागद. दिल्लीच्या हवामानाची खरी कसोटी लागते ती जुलै ते सप्टेंबरात. त्या काळात सौना वापरात नसला तरी दार उघडे ठेवावे आणि आठवड्यातून एकदा रिकामाच तापवून वाळवावा. एरवी बुरशी आणि वाळवी आपला हक्क सांगतात.

प्रकृतीच्या बाबतीत फुशारकी कामाची नाही. फिनलंडमधील हाइनोला येथे २०१० मध्ये ११० अंशांत बसण्याच्या स्पर्धेत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि ती स्पर्धाच कायमची बंद पडली. तेथील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीत वारंवार सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने आकस्मिक मृत्यूचे प्रमाण कमी आढळले हे खरे. परंतु हे लोक लहानपणापासून सवय असलेले. नवख्याने आठ-दहा मिनिटांत बाहेर यावे. रक्तदाब, हृदयविकार वा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना विचारावे, आणि मद्यपानानंतर आत पाऊल टाकू नये. घरातील वृद्धांना एकटे बसू देऊ नये.

चालविण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. तापण्यास अर्धा-पाऊण तास आणि नंतर तासभर वापर धरला तर सात-आठ युनिटे लागतात. आठ रुपये दराने साठ-पासष्ट रुपये. खरा प्रश्न मे-जूनमध्ये उभा राहतो. बाहेर लू वाहत असताना आणि वातानुकूलन यंत्रे धापा टाकत असताना घरात ८० अंशांची खोली तापविणारा विरळाच. वर्षातून चार-पाच महिनेच वापर होणार असेल, तर कर्ज काढण्यापूर्वी एक पूर्ण हिवाळा क्लब-हाऊसमधील सौनात नेमाने जाऊन पाहावे. फेब्रुवारीतही पाय तिकडे वळत असतील, तर मग लेखी अंदाजपत्रक मागवावे आणि त्यात पत्र्याचा, लोकरीचा व आरसीसीबीचा स्वतंत्र उल्लेख आहे की नाही ते पाहावे.