शिपायाची सेवा आणि त्याच्या विधवेचा हक्क

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं माहीमचा किल्ला पाहिलेला आहे. खाडीच्या मुखाशीं उभा असलेला हा जुना तट पाहून, येथें एके काळीं राज्याची सरहद्द होती, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत येतें. अलीकडे इंग्रज, पलीकडे वांद्र्यास पोर्तुगीज, आणि १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठे, असा तो काळ होता. १८४५ सालीं खाडीवर कॉजवे झाला, आणि जेथें पहारे बसत तेथून आज आपण सहज पलीकडे जातों. परंतु सरहद्द नाहींशी झाली नाहीं. ती दूर गेली. ती आतां काश्मीरच्या आणि अरुणाचलाच्या डोंगरांत आहे. तेथें पहारा करणाऱ्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांचे पुत्र पुष्कळ आहेत. त्यांतील एखादा परत आला नाहीं, तर मागें राहिलेल्या त्याच्या पत्नीचा हक्क कोणता व तो तिला कसा मिळतो, हें आज आम्ही सांगणार आहों.

प्रथम एक घडलेली हकीकत ऐका. नाईक यशवंत घाडगे हे तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांवकडचे. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते होते. स्वदेशाच्या सरहद्दीपासून फार दूर, इटलींत, ही पलटण लढत होती. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि त्यांच्या हाताखालचे सर्व शिपाई ठार अथवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढें धांवले. हातबाँब फेकून त्यांनीं ती मशीनगन बंद पाडली; उरलेल्या शत्रूंपैकीं एकास गोळी घातली; बंदूक पुन्हां भरण्यास अवधि नाहीं असें पाहून तिच्याच दस्त्यानें राहिलेल्या दोघांस लोळविलें. इतक्यांत शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते त्याच जागीं पडले. त्यांचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि १९४५ सालीं दिल्लीस व्हॉइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्तें तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं स्वीकारला. माणगांवीं घाडग्यांचा पुतळा आहे, आणि इटलींत मोंतोने या गांवीं २०२३ सालीं त्यांचें स्मारक म्हणून एक छायाघड्याळ उभारण्यांत आलें.

पदक हा मोठा मान खरा. पण पदकानें चूल पेटत नाहीं. हें राज्यकर्त्यांसही कळत होतें. १९११ सालीं व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांस खुला झाला, तेव्हां त्या फर्मानांत पैशाची गोष्टही लिहिली होती. हिंदी अंमलदारास सालीना ५२५ रुपये व त्याखालच्या शिपायास १५० रुपये पेन्शन मिळावें, आणि तो मरण पावल्यास तें त्याच्या विधवेस तिच्या मृत्यूपर्यंत अथवा पुनर्विवाहापर्यंत चालावें, असा तो नियम होता. रक्कम मोठी नव्हती. तथापि ती लेखी होती, आणि म्हणून ती दया नव्हती, हक्क होता. शिपायानें प्राण देऊन जो करार पाळला, त्याची दुसरी बाजू सरकारनें पाळावयाची, एवढाच त्याचा अर्थ.

आजच्या नियमांत हा हक्क तीन प्रकारचा आहे. शिपाई सेवेशीं संबंध नसलेल्या कारणानें वारला, तर साधें कुटुंबवेतन मिळतें. तें सामान्यतः शेवटच्या पगाराच्या तीस टक्के असतें. मृत्यूचें कारण लष्करी सेवेंतच असेल, तर विशेष कुटुंबवेतन साठ टक्के मिळतें. आणि युद्धांत, सरहद्दीवरील चकमकींत किंवा दहशतवाद्यांशीं लढतांना तो पडला, तर उदार कुटुंबवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी पूर्ण रक्कम, मिळते. यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, मृत्यु कोठें व कसा झाला याची पलटणीनें केलेली नोंद ही विधवेच्या घरांतील धान्याशीं बांधलेली असते.

आतां खरी अडचण सांगतों. शिपाई मे महिन्यांत रजेवर गांवीं येतो, लग्न करतो आणि सरहद्दीवर परत जातो. त्यानें तें लग्न पलटणीस कळवून आपल्या कागदांत पत्नीचें नांव चढवून घ्यावें, असा नियम आहे. "पुढच्या खेपेस पाहूं" म्हणून तें राहून जातें. त्यांत आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल. शाळेच्या दाखल्यावर एक नांव, सासरीं दुसरें, पलटणीच्या कागदांत तिसरेंच! अशी एखादी वहिनी डोळ्यांपुढे आणा. नवरा बर्फांत गेला. ती माहीमच्या चाळींत एका खोलींत मूल घेऊन बसली आहे. कागदावरील ती बाई मीच, हें तिला आतां सिद्ध करावयाचें आहे, आणि साक्ष देऊं शकणारा एकच माणूस तर या जगांत नाहीं. तिचा हक्क बुडत नाहीं. पण शपथपत्रें, दाखले आणि हेलपाटे यांत महिने जातात, आणि भाडें व दूध थांबत नाहीं.

अशा वेळीं खचून जाऊं नये. मुंबईसह बहुतेक जिल्ह्यांस सैनिक कल्याण कार्यालय असून, अर्ज लिहिण्यास व तो योग्य जागीं पोंचविण्यास तेथें मदत मिळते. मराठा पलटणीचें केंद्र बेळगांवीं आहे; लष्कराचीं पेन्शनें मंजूर करणारी हिशेबकचेरी प्रयागराज येथें आहे. अर्ज नामंजूर झाला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचें पीठ मुंबईंतच आहे. पत्रव्यवहार करतांना शिपायाचा सेवाक्रमांक प्रत्येक पत्रावर लिहावा, आणि मूळ कागद हातचा सोडूं नये.

पेन्शन घेणारी स्त्री म्हणजे कोणी अनाथ, असेंही समजूं नये. साताऱ्याकडील कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर १९१५ नव्हे, तर आपल्याच काळांत, २०१५ सालच्या त्याच दिवशीं, काश्मीरच्या कुपवाड्यांत दहशतवाद्यांशीं लढतांना पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनीं पुढें कठोर शिक्षण पुरें केलें, आणि २०१७ सालीं त्या स्वतः लष्करांत लेफ्टनंट झाल्या.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कित्येकांच्या घरीं आजीच्या ट्रंकेंत पिवळे पडलेले कागद असतील. कोणी काका, मामा किंवा थोरला भाऊ आज पलटणींतही असेल. तुम्ही वाचावयास शिकलां आहां, ते कागद काढून वडील माणसांस वाचून दाखवा, नांवें व तारखा ताडून पहा, आणि भाऊ रजेवर आला म्हणजे "वहिनीचें नांव चढविलेंस का?" असें त्यास विचारा. प्रश्न लहान आहे. पण तो वेळींच विचारल्यानें एखाद्या घरावरील पुढचें मोठें संकट टळेल.