'व्ही फॉर व्हेंडेटा'चा मुखवटा सगळ्यांना माहिती आहे; पण मूळ लेखकाने सिनेमातून स्वतःचं नाव का काढायला लावलं?

सोशल मीडियावर वावरणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हा मुखवटा पाहिलेला असतो. पांढराफटक चेहरा, वर वळलेल्या मिशा, टोकदार दाढी आणि ओठांवर गूढ हसू. कुणी तो डीपीला लावतं, कुठे तो हॅकर्सची ओळख म्हणून दिसतो, तर कुठे मोर्चातले लोक तो घालून उभे असतात.

हा मुखवटा जगभर पोहोचला 'व्ही फॉर व्हेंडेटा' या सिनेमामुळे, आणि सिनेमा आला त्याच नावाच्या ग्राफिक नॉव्हेलवरून. पण सिनेमाची श्रेयनामावली पाहिली, तर त्यात चित्रकार डेव्हिड लॉइड यांचं नाव आहे, लेखक ॲलन मूर यांचं नाही.

विशेष म्हणजे ते कुणी चुकून गाळलेलं नाही. मूर यांनी स्वतःच ते काढायला लावलं आणि सिनेमाचे पैसेही नाकारले. असं का?

दोन पुस्तकं, एक कंपनी

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली पूर्ण लांबीची गोष्ट. बऱ्याचदा ती आधी सुट्या अंकांतून येते आणि मग तिचं एकत्र पुस्तक निघतं.

इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनचे मूर यांनी १९८२ मध्ये 'वॉरियर' या ब्रिटिश मासिकात 'व्ही फॉर व्हेंडेटा' सुरू केलं. मासिक मध्येच बंद पडलं. पुढे १९८८-८९ मध्ये अमेरिकेच्या डीसी कॉमिक्सने ती गोष्ट पूर्ण करून छापली.

दरम्यान १९८६-८७ मध्ये डीसीनेच मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन' बारा अंकांत प्रसिद्ध केलं. सुपरहिरो खरंच असते तर ते किती धोकादायक ठरले असते, हा त्याचा विषय. १९८८ मध्ये त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुढे 'टाइम' मासिकाने १९२३ नंतरच्या १०० सर्वोत्तम इंग्रजी कादंबऱ्यांच्या यादीतही त्याला जागा दिली.

करारातली ती एक अट

करारानुसार 'वॉचमेन'चे हक्क डीसीकडे गेले. मात्र त्यात एक अट होती. पुस्तक बाजारातून गेलं आणि ठरावीक काळ पुन्हा छापलं नाही, तर हक्क लेखक-चित्रकाराकडे परत येतील.

त्या काळात ही अट फायद्याचीच वाटत होती. कॉमिकचा अंक काही आठवडे दुकानात दिसायचा आणि मग नाहीसा व्हायचा. त्यामुळे काही वर्षांत हक्क परत मिळतील, असंच मूर आणि गिबन्स यांना वाटलं.

पण १९८७ मध्ये बारा अंकांचं एकत्र पुस्तक निघालं आणि ते विकतच राहिलं. छपाई थांबलीच नाही, म्हणून हक्कही परत आले नाहीत. पुस्तक पडलं असतं तर ते लेखकाचं झालं असतं. ते चाललं, म्हणून कंपनीचं राहिलं. 'व्ही फॉर व्हेंडेटा'चंही तेच झालं.

डीसी ही वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्याच उद्योगसमूहातली कंपनी. त्यामुळे सिनेमा काढायला मूर यांच्या परवानगीची गरजच उरली नाही.

मग पैसे का नाकारले?

सुरुवातीला मूर यांचा सिनेमाला विरोध नव्हता. पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा. पैसे घ्यायचे आणि सिनेमाकडे लक्ष द्यायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता. 'फ्रॉम हेल' (२००१) आणि 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' (२००३) हे सिनेमे असेच आले.

'लीग'वरून मात्र प्रकरण कोर्टात गेलं. आपली पटकथा चोरली आणि ते लपवण्यासाठी मूर यांच्या कॉमिकचा आडोसा घेतला, असा दावा दोन जणांनी स्टुडिओवर केला. मूर यांना सुमारे दहा तास जबाब द्यावा लागला. शेवटी स्टुडिओने कोर्टाबाहेर तडजोड केली. आपली बाजू सिद्ध करण्याची संधीच गेली, याचा मूर यांना राग आला.

मग त्यांनी ठरवलं, हक्क आपल्याकडे असतील तर सिनेमा नाही. हक्क कंपनीकडे असतील तर आपलं नाव नको आणि आपल्या वाट्याचे पैसे चित्रकाराला द्या. 'व्ही फॉर व्हेंडेटा'च्या निर्मात्याने एका पत्रकार परिषदेत मूर सिनेमाबद्दल उत्साही असल्याचं सांगितलं, तेव्हा वाद आणखी चिघळला. 'वॉचमेन' (२००९) सिनेमात आणि ११ एमी जिंकणाऱ्या २०१९ च्या मालिकेतही श्रेय फक्त गिबन्स यांनाच आहे.

मूर यांचा आक्षेप कलेचाही आहे. 'वॉचमेन'ची बहुतेक पानं नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत. पाचव्या प्रकरणात तर पहिलं पान आणि शेवटचं पान आरशासारखं एकमेकांशी जुळतं. वाचक थांबून, मागे जाऊन हे पाहू शकतो. थिएटरमध्ये वेग दिग्दर्शक ठरवतो.

मुखवट्याचे पैसे कुणाला?

मुखवट्यामागचा चेहरा गाय फॉक्सचा, म्हणजे १६०५ मध्ये इंग्लंडची संसद उडवून देण्याच्या कटातल्या माणसाचा. लॉइड यांनी त्याला आजचं रूप दिलं. २०११ च्या 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' आंदोलनात बड्या कंपन्यांविरुद्ध घोषणा देणाऱ्यांनी तो घातला. पण अधिकृत मुखवटा विकला गेला की रॉयल्टी जायची ती टाइम वॉर्नर या बड्या कंपनीलाच!

भारतात लेखकाच्या हातात काय असतं?

आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे. हक्क विकल्यानंतरही आपल्या कामाची बदनामीकारक मोडतोड झाली, तर लेखक त्याला हरकत घेऊ शकतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' कादंबरीवरच्या 'समय की धारा' सिनेमाविरुद्ध याच आधारावर दाद मागितली. १९८६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने लेखकाचा हा हक्क स्पष्ट केला. वाद तडजोडीने मिटला आणि सिनेमात लेखिकेचं व कादंबरीचं नाव वापरायचं नाही, असं ठरलं.

म्हणजे इथेही शेवटी गोष्ट नावावरच आली.

२०१० मध्ये डीसीने 'वॉचमेन'चे हक्क परत देऊ केल्याचं मूर यांनी सांगितलं होतं. अट एवढीच, की त्याचे पुढचे-मागचे भाग काढायला संमती द्यायची. त्यांनी नकार दिला. २०१२ मध्ये 'बिफोर वॉचमेन' ही मालिका तरीही आलीच.

आज ई-बुक कायम 'उपलब्ध' दाखवता येतं. त्यामुळे 'पुस्तक संपलं की हक्क परत' ही अट आणखीच पोकळ होऊ शकते. लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या नव्या मंडळींनी करारावर सही करण्याआधी ठरावीक वर्षांची मुदत मागणं म्हणूनच जास्त शहाणपणाचं.