वाद्याच्या स्मृतीची प्रत

हार्मोनियमचा आवाज तिच्या पितळी सुरांत असतो. पेटी कित्येक वर्षे बंद राहिली, तरी तो आवाज नाहीसा होत नाही. इलेक्ट्रॉनिक वाद्याची स्थिती निराळी आहे. सिंथेसायझरमधील बासरी किंवा घंटा ही वस्तुतः काही संख्यांची मालिका असते आणि त्या संख्या वाद्याच्या स्मृतीत साठवलेल्या असतात. यामाहा कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेल्या डीएक्स-७ या वाद्यात असे ३२ आवाज राहत. वीज बंद असताना ही स्मृती एका लहानशा लिथियम बॅटरीच्या आधारावर टिकून असे. बॅटरी संपली किंवा बदलावी लागली, की वादकाने महिनोन्महिने खपून घडवलेले आवाज एका क्षणात पुसले जात.

या आपत्तीवरील उपाय त्याच वर्षी प्रसृत झालेल्या 'मिडी' या संकेतपद्धतीतच अंतर्भूत होता. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या उत्पादकांच्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारी ही पद्धत सिद्ध झाली. मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही. जातात त्या केवळ सूचना. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच ती सांगते. म्हणून संगणकावरील ध्वनिमुद्रण-प्रणालीत मिडीच्या रूपाने नोंदवलेल्या गीतात स्वर असतात, पण त्यांचा आवाज नसतो. गीताच्या आरंभी 'आवाज क्रमांक ५ निवडा' अशी सूचना असली, तरी तिच्यातून फक्त जागेचा निर्देश होतो. त्या जागी काल बासरी होती आणि आज ढोल आहे, हे त्या सूचनेला ठाऊक नसते.

जागेवरील मूळ मजकूर पाठवण्यासाठी मिडीत 'सिस्टिम एक्सक्लुझिव्ह' नावाचा एक खास संदेश आहे. त्याचा आरंभ २४० या संख्येने होतो आणि शेवट २४७ ने. आरंभानंतर उत्पादकाचा क्रमांक येतो: रोलँडचा ६५, कॉर्गचा ६६, यामाहाचा ६७. आपला क्रमांक नसलेला संदेश प्रत्येक वाद्य सोडून देते. पत्र टपालातून सर्वांच्या दारावरून जावे, पण ज्याच्या नावाचे असेल त्यानेच ते उघडावे, असा हा प्रकार होय. डीएक्स-७ चे ३२ आवाज एकत्र पाठवताना ४,१०४ संख्या जातात. मिडीचा वेग सेकंदाला ३,१२५ संख्या इतका असल्याने या कामाला सुमारे १.३ सेकंद पुरतात.

प्रत घेण्याची कृती साधी आहे. वाद्याचे मिडी-निर्गम संगणकाच्या मिडी-प्रवेशाला जोडावे. कित्येक ध्वनिमुद्रण-प्रणाली हे खास संदेश मुळातच गाळून टाकतात. ती गाळणी प्रथम काढावी लागते. आलेला संदेश तसाच परत वाद्याकडे पाठवण्याची सोय चालू असल्यास तीही बंद करावी. त्यानंतर एका रिकाम्या पट्ट्यावर मुद्रण सुरू करून वाद्यावरील 'सर्व पाठवा' या अर्थाची कळ दाबली, की स्वरांच्या ऐवजी एक लांबलचक संदेश नोंदला जातो. काही वाद्ये मात्र स्वतःहून काही पाठवत नाहीत. संगणकाने मागणी केली तरच ती उत्तर देतात.

ही प्रत स्वतंत्र फाइल म्हणून ठेवता येते, किंवा गीताच्या आरंभीच जोडता येते. दुसऱ्या रीतीत गीत उघडून वाजवताच वाद्य आपोआप सज्ज होते. तथापि पहिल्या स्वरापूर्वी पुरेशी मोकळी जागा हवी. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चार मात्रांचे एक आवर्तन दोन सेकंदांचे असते. वरील संदेश त्यात मावतो; परंतु वाद्याला तो स्मृतीत मांडण्यासही अवधी लागतो, म्हणून दोन-तीन आवर्तने रिकामी ठेवणे श्रेयस्कर.

प्रत घेतली म्हणजे काम संपले असे नाही. ती परत वाद्यात उतरते की नाही, हे पाहिल्याखेरीज तिच्यावर विश्वास टाकता येत नाही. यासाठी प्रथम प्रतीची आणखी एक प्रत करून दुसरीकडे ठेवावी. मग वाद्यातील एखाद्या आवाजाचे नाव मुद्दाम बदलावे, संगणकाचे निर्गम वाद्याच्या प्रवेशाला जोडावे, वाद्यावरील स्मृति-संरक्षणाची कळ बंद करावी आणि प्रत पाठवावी. जुने नाव परत आले, तर प्रत खरी. ते न आल्यास बहुधा मिडी-वाहिनीचा क्रमांक बदललेला असतो. संदेशात पाठवतेवेळचा क्रमांक कोरलेला असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर बसवलेले वाद्य तो ओळखत नाही. यास्तव प्रतीच्या नावातच वाद्य, दिनांक आणि वाहिनी-क्रमांक लिहून ठेवण्याची सवय हितावह ठरते.

त्या काळातील अनेक वाद्ये आजही वाजत आहेत, परंतु त्यांच्या बॅटऱ्या म्हातार्‍या झाल्या आहेत. बॅटरी पुन्हा विकत मिळते. तिने सांभाळलेला आवाज मात्र कोणी आधीच उतरवून ठेवला असेल, तरच परत मिळतो.