अवटु ग्रंथीचा कर्करोग : अर्धी ग्रंथी राखावी की पूर्ण काढावी?

शेगाव हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानक. या मार्गाच्या एका टोकास टाटा स्मारक रुग्णालय, तर दुसऱ्या टोकास राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया तेथे होते. नंतरची वर्षे मात्र रुग्णाला गावीच काढावयाची असतात. म्हणूनच अवटु ग्रंथीच्या, अर्थात थायरॉइडच्या, कर्करोगात शस्त्रक्रिया किती करावी या प्रश्नास महत्त्व येते.

गळ्याच्या पुढील भागातील या फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीचे दोन खंड एका अरुंद पट्टीने जोडलेले असतात. पूर्वी कर्करोगात बहुधा संपूर्ण ग्रंथी काढीत. मग थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्याहून नाजूक बाब म्हणजे ग्रंथीमागील चार चिमुकल्या परावटु ग्रंथी. त्या रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखतात. त्यांना इजा झाल्यास हातापायांना मुंग्या व पेटके येतात. स्वरयंत्राच्या नसाही तेथूनच जातात. एका नसेला इजा झाली तर आवाज बसतो, दोन्हींना झाली तर श्वास अडू शकतो. एकच खंड काढल्यास दुसरी बाजू सुरक्षित राहते.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ साली मान्य केले की, १ ते ४ सेंटिमीटरची, ग्रंथीबाहेर वा लसिका ग्रंथींत न पसरलेली, कमी जोखमीची गाठ असल्यास एक खंड काढणेही पुरेसे ठरू शकते. त्याहून लहान गाठींबाबत जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून केवळ देखरेखीचा मार्ग अवलंबिला. अर्धी शस्त्रक्रिया म्हणजे अर्धवट उपचार, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

तथापि दुसरी बाजूही आहे. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार सामान्यतः संपूर्ण ग्रंथी काढल्यावरच देतात. थायरोग्लोब्युलिनच्या रक्ततपासणीवरून रोग उलटल्याचे ओळखणेही तेव्हाच सुकर होते. एक खंड काढल्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली धोक्याची लक्षणे आढळली, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय काहींची गोळी सुटत नाहीच. मेड्युलरी किंवा अतिआक्रमक ॲनाप्लास्टिक प्रकारास वरील निकष लागू नाहीत.

रुग्णाची कागदपत्रे वाचून दाखविण्याची वेळ पुष्कळदा गावच्या शिक्षकावर किंवा पंचायत सदस्यावर येते. त्यांनी प्रथम कर्करोगाचा प्रकार, गाठीचे माप व लसिका ग्रंथींविषयीचा शेरा पाहावा. दुसऱ्या खंडात गाठ आहे काय आणि पुढील सोनोग्राफी व रक्ततपासणी जवळपास कोठे होईल, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.