एका मिलिग्रॅमात नऊ कोटी

स्फटिकी सिलिका म्हणजे आपली गारगोटी. तिचा दोन मायक्रॉन रुंदीचा कण डोळ्यांना दिसत नाही. असे किती कण मिळून एक मिलिग्रॅम भरेल? गारगोटीची घनता धरून हिशेब केला की उत्तर येतं सुमारे ९ कोटी. २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. एक मिलिग्रॅम धूळ साऱ्या जिल्ह्यात वाटली, तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ ३५ कण येतील.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या ल्योनला आहे. माणसाला कर्करोग होतो हे ज्यांच्याबद्दल नक्की ठरलं, त्या पहिल्या गटात तिने ही धूळ १९९७ मध्ये घातली.

धुळीचं नाव काढलं की आधी खडी क्रशर आठवतो. पण बुलढाण्याचा खडक आहे काळा बेसाल्ट. लोणारचं विवरही त्याच खडकात पडलेलं. बेसाल्टमध्ये मोकळी गारगोटी फार थोडी असते. क्रशरची धूळ चांगली असं मी अजिबात म्हणणार नाही, फुफ्फुसाला कुठलीच धूळ मानवत नाही. पण सिलिकाचा खरा धोका बाहेरून ट्रकमधून येतो आणि स्वयंपाकघरात उतरतो. तो म्हणजे ओट्याचा ग्रॅनाइट.

ग्रॅनाइटमध्ये साधारण ३० टक्के गारगोटी असते. फरशीवाल्या मिस्त्रीने १८ मिलिमीटर जाडीच्या लादीला ग्राइंडरने एक मीटर लांब काप दिला, आणि ब्लेड दोन मिलिमीटर रुंद असलं, तर ९५ ग्रॅम दगडाचं पीठ होतं. त्यात गारगोटी २८ ग्रॅम. बरीचशी जाड, लगेच खाली बसणारी. शंभरातला एकच भाग फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाण्याइतका बारीक निघाला असं धरू. तरी २८० मिलिग्रॅम होतात, म्हणजे अडीच हजार कोटी कण. अमेरिकेने २०१६ मध्ये ठरवलेली आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा आहे घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत त्या हिशेबाने सारे मिळून १.४ मिलिग्रॅम तरंगावेत. दारंखिडक्या बंद असतील तर एका कापात त्याच्या दोनशेपट धूळ उठते. ओट्याला सिंकचं भोक पाडायचं तर कापच चार.

माणूस एका पाळीत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. मर्यादा काटेकोर पाळली, वर्षाचे ३०० दिवस, ३० वर्षं, तरी आत गेलेली गारगोटी होते साडेचार ग्रॅम. चहाचा चमचाही भरणार नाही. त्यातलंही बरंचसं उच्छ्वासातून आणि कफातून बाहेर पडतं. राहतं त्याचं काय होतं? फुफ्फुसातल्या सफाईच्या पेशी कण गिळतात, तो पचत नाही, पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला येते. हे वर्षानुवर्षं चालतं. सूज हटत नाही, व्रण पडतात, आधी सिलिकोसिस होतो, क्षयाला वाट मिळते आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्याच खामगावच्या चांदीकडे वळतो. चांदी वितळते ९६१ अंशांना. कॅडमियम उकळतं ७६७ अंशांना. म्हणजे जोड द्यायच्या डाखात कॅडमियम असेल, तर चांदी वितळवणाऱ्या आचेच्या कितीतरी आधीच त्याची वाफ होऊन कारागिराच्या नाकाशी आलेली असते. कॅडमियमही पहिल्या गटात आहे, १९९३ पासून. कॅडमियमविरहित डाख बाजारात मिळतो. कारागिराने डाख घेताना एवढं विचारून घ्यावंच.

प्रत्येक बसस्टँडजवळ ट्रॉल्या आणि दारं बनवणारं वेल्डिंगचं दुकान असतं. वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये पहिल्या गटात गेला. तेव्हाच्या अंदाजाने जगात वेल्डर म्हणवणारे १ कोटी १० लाख, आणि अधूनमधून वेल्डिंग करणारे आणखी ११ कोटी. डिझेलचा धूर २०१२ मध्ये, लाकडाचा भुसा १९९५ मध्ये. पूर्वी फवारणीत वापरलं जाणारं लिंडेन २०१५ मध्ये. त्याच वर्षी मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट 'बहुधा' या खालच्या गटात गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पहिला गट खात्री सांगतो, धोक्याचं प्रमाण सांगत नाही. ते ठरतं किती, किती वर्षं आणि जोडीला काय यावर. 'जोडीला काय' हा आकडा मला सगळ्यांत भयंकर वाटतो. अमेरिकेतल्या अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान न करणाऱ्या आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध न आलेल्या माणसाचा फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला, तर नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने तो ५ झाला, नुसत्या सिगारेटने ११, आणि दोन्ही असतील तर ५३. बेरीज नव्हे, जवळजवळ गुणाकार. म्हणून "बिडी ओढायचा ना, मग होणारच" असं म्हणून विषय मिटवणं चूक आहे. जो बिडी ओढतो आणि अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रेही कापतो, त्याच्या कामाची चौकशी तर आधी व्हायला हवी.

ती होत नाही, कारण मध्ये फार वर्षं जातात. अ‍ॅस्बेस्टॉसचा मेसोथेलिओमा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर ठेकेदार बदललेला, इमारतीही पडलेल्या. ब्रिटनमध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी पिंजून काढल्या, तेव्हा २००५ सालच्या कर्करोगाच्या मृत्यूंपैकी ८,०१० मृत्यू, म्हणजे ५.३ टक्के, कामामुळे झालेले निघाले. भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे अंदाजे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण होते. ब्रिटनचं प्रमाण इथे जसंच्या तसं लावणं बरोबर नाही. आपले उद्योग वेगळे, वयोमान वेगळं. पण शंभरात चारच धरले तरी वर्षाला ५६ हजारांवर माणसं होतात.

१९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस कळवणं बंधनकारक केलं होतं. पण त्या कायद्यात कारखाना म्हणजे वीज वापरून दहा कामगार; २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेत तो आकडा वीस झाला. ओटा बसवायला माणसं येतात दोन.

कापताना ब्लेडवर पाण्याची धार सोडली तर धुळीचा बराचसा भाग चिखल होऊन खाली बसतो. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याच्या विणीतून मात्र दोन मायक्रॉनचा कण सहज जातो. तिथे एन-९५ मास्कच हवा. आणि नागपूरला किंवा मुंबईला तपासायला जाल तेव्हा केसपेपरवर व्यवसायापुढे नुसतं 'मजुरी' लिहू देऊ नका. कोणतं काम, कोरडं की पाणी सोडून, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगा आणि लिहून घ्यायला लावा.