संगणकाचे सोवळे-ओवळे

चकलीची कृती नात्यागोत्यात कोणाकडून लिहून मागवली, की तीत हमखास एक वाक्य येते : ‘मोहन आपल्या नेहमीच्या पळीने दोन पळ्या.’ लिहिणारीच्या घरी ती पळी असते, मागवणारीच्या घरी नसते, आणि चकली तेलात विरघळते. कृती चुकीची नसते. पळी दुसऱ्या घरची असते, इतकेच!

हल्ली घरोघरी मुले-मुली संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. ‘माझ्याकडे चालतो, सरांकडे चालत नाही,’ ही त्यांची तक्रार पुष्कळदा याच जातीची असते.

संगणकाला आपले अक्षर कळत नाही. आपण ‘सी’सारख्या भाषेत लिहायचे आणि कंपायलर नावाच्या दुभाष्याने ते यंत्राच्या आकड्यांत उतरवायचे, असा तो व्यवहार. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली. भाषा पसरली तसे दुभाषे वाढले, आणि जो तो तीत आपल्या सोयीचे चार शब्द घालू लागला. तेव्हा १९८९ साली अमेरिकेत आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचे प्रमाण व्याकरण ठरले. त्याच्या आत राहून लिहा, आणि प्रोग्रॅम हव्या त्या दुभाष्याकडे न्या, अशी त्यामागची योजना.

पण दुभाषे कुठले ऐकायला! रिचर्ड स्टॉलमन यांचा ‘जीसीसी’ हा दुभाषी १९८७ साली आला. फुकट, आणि कोणालाही उघडून पाहता येईल असा. त्याचा मिस्कीलपणा पाहा. ‘प्रॅग्मा’ नावाची सूचना दिसली तर काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, अशी मुभा मानकात होती. जीसीसीच्या १.१७ आवृत्तीने ठरवले, की अशी सूचना दिसताच काम टाकून संगणकावर ‘नेटहॅक’चा खेळ सुरू करायचा!

गंमत सोडली, तर जीसीसीने घातलेली भर खरोखरच कामाची होती. म्हणूनच लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत शिकत असताना ‘लिनक्स’ लिहायला घेतले, तेव्हा तिचा भरपूर वापर केला. त्यांना दोष तरी कसा द्यावा? लिनक्सचा गाभा थेट यंत्राशी बोलतो, आणि त्या बोलण्याला लागणारे शब्द मानकात नाहीतच. पण परिणाम असा झाला, की जगातले अगणित संगणक ज्यावर चालतात तो गाभा वर्षानुवर्षे एकाच दुभाष्याच्या बोलीत अडकून राहिला.

मग २००७ साली ‘क्लँग’ हा दुसरा दुभाषी खुला झाला. त्याने व्यवहारी मार्ग धरला. कोणी ओळख विचारली, की तो आपण जीसीसीची ४.२.१ आवृत्ती असल्याचे सांगतो! जीसीसीची बरीचशी बोलीही त्याने आत्मसात केली. मात्र काही गोष्टींना त्याने साफ नकार दिला. संरचनेच्या पोटात ऐन वेळी लांबी ठरणारी रांग ठेवण्याची जीसीसीची सवलत ही त्यांतलीच एक. ती गाभ्यातूनच काढून टाकावी लागली.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. चोराने चालत्या प्रोग्रॅमची वाट मध्येच वळवू नये म्हणून क्लँगपाशी एक खास पहारा होता. तो गूगलला आपल्या फोनमध्ये हवा होता, आणि २०१८च्या ‘पिक्सेल ३’मध्ये तो गाभ्यासकट बसलाही. म्हणजे ही भानगड केवळ पंडितांची नव्हती. खिशातल्या फोनच्या सुरक्षिततेशी तिचा संबंध होता.

आता कोणी म्हणेल, सोवळ्यातच लिहावे म्हणजे झाले. तेही तितके खरे नाही. ऐन वेळी लांबी ठरणारी साधी रांग १९९९च्या मानकात रीतसर होती, अगदी सोवळ्यातली! पण गाभ्याला कामासाठी मिळणारी जागा फार थोडी, आजच्या नेहमीच्या संगणकात सोळा किलोबाइट. रांग अवाच्या सव्वा लांबली की सगळेच कोसळायचे. २०११च्या मानकाने ती ऐच्छिक केली, आणि २०१८ अखेरच्या ४.२० आवृत्तीपर्यंत लिनक्सने ती गाभ्यातून वेचून काढली. उलट, ‘टाइपऑफ’ हा जीसीसीचा ओवळा शब्द इतका उपयोगी ठरला, की सी-२३ या मानकाने त्याला सन्मानाने पंक्तीला बसवले.

तेव्हा घरच्या विद्यार्थ्याला इतकेच सांगावे : जीसीसी मुकाट्याने काम करतो, तेव्हा तो बोलीभाषाही चालवून घेत असतो. त्याला ‘एसटीडी’ आणि ‘पेडँटिक’ या खुणा आज्ञेत लिहून दिल्या, तर तो कुठे कुठे ओवळे झाले ते दाखवतो. सगळे दाखवतोच असे नाही, पण पुष्कळ दाखवतो. निदान पळी कोणाची आहे ते कळते.

आणि लिनक्स? २०२२ सालच्या ५.१८ आवृत्तीत त्याने १९८९चे व्याकरण सोडून २०११चे धरले. तेही निखळ नव्हे. जीसीसीची भर त्यात आहेच. आज्ञेतली त्याची खूण ‘ग्नू-११’ अशी आहे.