तुणतुण्याचं कातडं, तंबोऱ्याचा भोपळा

‘तेच तुणतुणं किती वाजवशील?’ असं आपण वैतागून म्हणतो. वाद्य मात्र असं आहे की एकदा उलटंपालटं करून बघितलं तर हातातून ठेववत नाही.

गुढीपाडवा आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावची आणि लांबलांबची गावकरी मंडळी जत्रेची सुपारी ठरवायला तिथे येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. फड उभा राहिला की लक्ष जातं ढोलकीकडे, हलगीकडे. मागे सुरत्या तुणतुण्याची एकच तार छेडत उभा असतो. गाणाऱ्याचा षड्ज त्याच्या हातात असतो.

तुणतुण्याची घडण बघा. लाकडाचं पोकळ नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं, बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी. तार कातड्याच्या मधोमध अडकवलेली, तिथून नळकांड्यातून थेट खुंटीपर्यंत. सतारीत तार घोडीवर आडवी टेकते; इथे ती कातड्याला सरळ ओढून धरते. तार डावीकडे झुकली तरी ताण वाढतो, उजवीकडे झुकली तरी वाढतो. म्हणजे तारेच्या एका हेलकाव्यात कातडं दोनदा ओढलं जातं, आणि मूळ सुरात वरच्या सप्तकातला तोच सूर मिसळतो! रिकाम्या डब्याच्या तळाला भोक पाडा, गाठ मारलेला दोरा ओवा, ताणून छेडा. डबा बोलू लागेल. मग याला तंतुवाद्य म्हणायचं की चर्मवाद्य? अशा वाद्यांवरून अभ्यासकांतही वाद झालेला आहे. मला तर ही तारेनं वाजणारी ढोलकीच वाटते. उघड्या माळावर, गर्दीत, उभ्यानं गाताना असाच टोकदार सूर हवा.

सूर धरून ठेवण्याचं हेच काम बैठकीत तंबोरा करतो, पण घडण पार उलटी. मिरजेत शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवण्याचा धंदा उभा केला. शस्त्रांवर चालणारे हात भोपळ्याकडे वळले. पंढरपूरकडचा भोपळा, लाकडाची दांडी, चार तारा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची सगळी जादू घोडीवर आहे. तिचा माथा किंचित उतरता असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवलेला. तो धागा केसभर पुढेमागे झाला की बोजड तार एकदम झंकारते. यालाच जवारी लागणं म्हणतात. तार जिथे छेडाल, तिथे ज्या स्वरांशांचा स्थिरबिंदू येतो ते उमटू नयेत, असा जुना नियम. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं की तंबोऱ्यात तेही ठणठणीत ऐकू येतात. नियम मोडला होता एका धाग्यानं आणि त्या उतारानं.

उघड्या माळावरच्या सुरत्यासारखाच प्रश्न पॅरिसमध्ये गिटारवाल्यांपुढे होता: माईकविना नाचघरात ऐकू जायचं कसं? १९३२ मध्ये मारिओ माकाफेरीनं सेल्मर कंपनीसाठी इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या मोठ्या तोंडाची गिटार काढली, आत लाकडाची आणखी एक पेटी बसवून. पुढे तोंड लहान, अंडाकृती झालं आणि तार लांबून ६७० मिलिमीटरची. मोठ्या तोंडाची साथीला, लहान तोंडाची एकट्यानं सूर काढायला, अशी वाटणी वादकांत आजही चालते. भटक्यांच्या गाडीत जन्मलेल्या गिटारवादक जँगो राइनहार्टची ५०३ क्रमांकाची गिटार लहान तोंडाची. तिच्या तारा तंबोऱ्यासारख्याच बुडाशी बांधलेल्या, घोडी नुसती ताणानं दाबून बसलेली.

पुढच्या चैत्रात फड बघायला गेलात, तर गण सुरू होण्याआधी पुढे जाऊन उभे राहा. सुरत्या खुंटी पिळतो, तार छेडतो. ढोलकीवाला पुडीवर हलकी थाप देतो, मान तिरपी करून ऐकतो, पुन्हा थाप देतो. दोन्ही कातडी एका सुरात येईपर्यंत बाकी सगळे थांबलेले असतात.